हँडलवरचा अंगठा
जुन्या स्कूटरच्या धुराचा वास आला की तीर्थपुरीचं आमचं अंगण आठवतं. ताईच्या लग्नानंतर दाजी पहिल्यांदाच स्कूटरवर आले आणि वडिलांच्या जुनाट जीपकडं बघून हसले. ‘मामा, हे धूड भंगारात द्या. माझी बघा, तिरकी केली की एका किकमध्ये चालू.’ ‘बराबर हाय पाव्हणं,’ वडील म्हणाले, ‘हिला जरा हँडल मारून बघा.’ जीप चालू करायला पुढून घालून फिरवायचं ते लोखंडी हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, हे त्यांनी सांगितलं नाही. इंजिनाच्या झटक्यानं हँडल उलटं फिरलं आणि दाजींच्या उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं. ताई रडायला लागली, तर वडील म्हणाले, ‘त्यांनी विचारलं न्हाई.’ मग स्कूटर तिरकी करून एका किकमध्ये चालू केली आणि दाजींना दवाखान्यात नेताना म्हणाले, ‘गाडी चांगली हाय तुमची.’ आजही दाजी आले की वडील चहाचा कप मुद्दाम त्यांच्या उजव्या हातात देतात.