फुटाण्यांचा व्हिडिओ

माझे वडील कित्येक वर्षं उन्हाळ्यात डोंगरातल्या पाड्यांवर जाऊन आमचूर विकत घ्यायचे. माल तोलून झाला की हिरव्या पिशवीतून पोरांना मूठमूठ फुटाणे वाटायचे. आमच्याकडे याला भातकं म्हणतात. बाजाराकडून आलेला माणूस पोरांसमोर रिकाम्या हाताने उभा राहत नाही, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांचं पाठमोरं शूटिंग केलं. दुसऱ्याने त्यावर आपला आवाज चढवून ते गावोगावच्या ग्रुपवर सोडलं. पोरं पळवणारी टोळी आली आहे, फुटाण्यांत गुंगीचं औषध आहे, दिसेल तिथे ठोका, समजलं का मंडळी? चौथ्या दिवशी तोरणमाळच्या रस्त्यावर, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, तिथे लोकांनी वडिलांना ठोकलं. उजवं कोपर चुरलं. तराजू धरायचा हात तो. आता त्याची मूठही वळत नाही.

मारणारे पकडले गेले. आवाज कुणाचा, ते पोलिसांना कळलं नाही. मला पहिल्यांदा ऐकतानाच कळलं होतं. अक्कलकुव्यात मी शाळेत शिकवते, आणि माझे ऑनलाइन फॉर्म भरून देणारा दुकानदार दर वाक्यामागे 'समजलं का' लावतो. मेला त्याच डोंगरातला. वडिलांचेच फुटाणे खाऊन वाढलेला. पोलिसांना मी मुद्दाम सांगितलं नाही. जामिनावर सुटून तो हिंडला असता. मला तो माझ्या तावडीत हवा होता.

वडील दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात मी दुकानात गेले आणि त्याच्यासमोर तो व्हिडिओ लावला. त्याचं तोंड उतरलं.

"मॅडम, मला आलं तसं पुढे पाठवलं. चेहरा कुठे दिसत होता?"

"पिशवी दिसत होती ना?"

 चार लोक आपला आवाज ऐकतील, एवढ्याच हौसेपायी याने माझ्या बापाचा हात घालवला. अंगाची नुसती आग झाली. म्हटलं, शटर ओढ आणि घरी चल, नाहीतर इथूनच पोलिसांना फोन लावते.

घरी त्याला वडिलांसमोर बसवलं आणि मोबाइल चालू केला. स्वतःचं नाव, स्वतःचा पाडा, आपण काय खोटं बोललो, सगळं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. दोनदा अडखळला. दोन्ही वेळा पहिल्यापासून बोलायला लावलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

वडील सगळं ऐकत होते. ते मला एवढंच म्हणाले, "पोऱ्या घर उना शे, खाली हात धाडू नको." घरी आलेल्या पोराला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, म्हणून स्वतःच डाव्या हाताने हिरव्या पिशवीत चाचपडू लागले. त्या हाताला सवय नव्हती, मूठ बाहेर काढताना फुटाणे फरशीवर सांडले.

तो रडत रडत एका हाताने वेचू लागला. मी मोबाइल बंद केला नव्हता.

"दोन्ही हातांनी वेच," मी म्हटलं. "तुझे दोन्ही चालतात."

त्याच ग्रुपवर मी ते सगळं तसंच टाकलं.