दोन फोटोंचे अण्णा

एक्सरे अण्णांना एकच डोळा होता, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त दिसायचं. दुसरा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला. त्यामुळे कुठलीही वस्तू उचलण्याआधी ते मान जराशी डावीकडे, मग उजवीकडे सरकवायचे. मग तो चहाचा कप असो, दाराची कडी असो, नाहीतर बैलाचा जबडा असो. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा कशाला तरी नाही-नाही म्हणतोय. मी रुजू झाले तेव्हा मलाही तसंच वाटलं. मी फटकन म्हटलं, "नाही काय म्हणताय? मीच नवी डॉक्टर आहे." अण्णा हसले. "नाय हो बाय, तुम्ही किती लांब उभ्या आहात ते बघतोय."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीकडची, तोंडाने फटकळ, आणि नोकरीची पहिलीच जागा म्हणजे रत्नागिरीतला जनावरांचा दवाखाना. अण्णांचा सगळा जन्म माणसांच्या इस्पितळात एक्सरे काढण्यात गेला होता. तिथलं एक लहान मशीन मोडीत निघालं आणि त्याच सुमाराला अण्णाही निवृत्त झाले. ते मशीन आमच्याकडे आलं, त्याच्या मागोमाग अण्णाही आले. "आम्हा दोघांना माणसांनी टाकलं, ढोरांनी घेतलं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि स्वतःच खो-खो हसायचे.

त्यांचं-माझं पहिलं भांडण झालं ते एका कुत्र्यावरून. बंदरावरच्या त्या कुत्र्याच्या जबड्यात मासे धरायचा गळ रुतला होता. अण्णांनी एक्सरे काढला. दाढेच्या मुळाशी गळ असा स्वच्छ दिसत होता, की मी म्हटलं, झालं काम! अण्णा म्हणाले, "दुसरा फोटो काढूया." मी म्हटलं, "दिसतोय की ढळढळीत! फिल्म काय झाडाला लागते?" आणि गालाच्या बाजूने चीर दिली. अर्धा तास शोधत होते. गळ होता दाढेच्या पलीकडे, जिभेच्या अंगाला. कुत्रं जगलं, पण त्याचा जबडा मी विनाकारण फाडला तो फाडलाच. अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, असं वाटून मला जास्तच लाज वाटली.

पुढच्या रविवारी त्यांनी मला त्यांच्या गावी, जयगडला नेलं आणि भावाच्या होडीत बसवलं. म्हणाले, "किनाऱ्यावरचा तो माड बघा, आणि मागचा डोंगर. आता एकाच्या पुढे एक आहेत ना? जरा पुढे जाऊ." होडी सरकली तसा माड मागे पडला आणि डोंगर आमच्याबरोबर चालू लागला. "आमचे वाडवडील असेच खुणा जुळवून पाण्यातला खडक ओळखायचे. बरोबर येतं ते लांबचं, मागे राहतं ते जवळचं. एका जागी उभं राहून बघाल तर फसाल. जबड्यात तरी दुसरं काय आहे?"

खरोखरच दुसरं काही नव्हतं. फिल्मचा तुकडा काळ्या कागदात गुंडाळून, सायकलच्या ट्यूबमध्ये घालून अण्णा तो जनावराच्या तोंडात, जीभ आणि दाढ यांच्यामध्ये बसवायचे. मशीन बाहेर, गालाकडे; तीच आपली होडी. एक फोटो सरळ काढायचा. मग मशीन चार बोटं नाकाच्या दिशेने सरकवून दुसरा. दुसऱ्या फोटोत जे दाढेच्या मुळाला सोडून नाकाकडे गेलं, ते जिभेच्या अंगाला. जे मागे राहिलं, ते गालाच्या अंगाला. बस्स, एवढंच! आता जबडा संगणकावर गरगर फिरवून दाखवतात. केस पिकल्यावर मी तेही शिकायला गेले. तिथला पोरसवदा शिक्षक म्हणाला, "मॅडम, तुम्हाला हे इतकं पटकन कसं जमलं?" मी म्हटलं, "होडीत बसून शिकलेय." त्याला वाटलं, बाईंना नीट ऐकू येत नसावं.

पण हे सगळं मला शिकायला वेळ कमी होता, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. अण्णांच्या उरलेल्या डोळ्यात काचबिंदू उतरला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिलेली. फिल्म वाचणारं आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. तो डोळा जाण्याआधी माझी नजर तयार झाली नाही, तर मशीनवर कापड टाकायचं आणि पुन्हा अंदाजाने जबडे फाडायचे, एवढाच मामला होता. अण्णा याबद्दल रडत बसले नाहीत. उलट माझ्या मागे हात धुऊन लागले. दुपारी डबा खाताना जुन्या फिल्म काढायचे आणि विचारायचे, "बोला, कुठल्या बाजूने?" मी चुकले की म्हणायचे, "पुन्हा होडीत बसा."

फिल्मच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर ते मासे धरायच्या जाळ्याला असतो तसला शिशाचा एक मणी चिकटवायचे; तो फोटोत उठून दिसायचा. फिल्म उलटी धरली की डावं-उजवं बदलतं आणि सगळं गणितच पालथं होतं. "आधी मणी बघा, मग दाढ बघा," हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलं, की एकदा वैतागून म्हटलं, "अण्णा, माझ्या गळ्यातच बांधा तो मणी." ते म्हणाले, "बांधला असता हो, पण तुम्ही तो बघणार फक्त आरशात, आणि तिथेही उलटंच."

मग ढवळ्या आला. आतल्या गावातली एक वहिनी आपला बैल टेम्पोत घालून घेऊन आली होती. नवरा मुंबईला, घरात ती आणि दोन मुलं. बैलाच्या जबड्याला नारळाएवढी सूज, आणि चार दिवस वैरणीला तोंड लावलेलं नाही. "नांगरनी तोंडावर आलीय, डाक्टरीणबाय," ती म्हणाली. "काय ता करा, पन माझा ढवळ्या उभा करा." बैलाला भूल देऊन आडवं केलं. अण्णांनी हाताने चाचपून फिल्म बसवली, मशीन लावलं, दोन फोटो काढले, अंधाऱ्या खोलीत जाऊन धुतले आणि ओल्या फिल्म माझ्या हातात दिल्या. "बोला."

दाढेच्या मुळाशी कुंपणाच्या तारेचा तुकडा होता. मी दोन्ही फिल्म उजेडासमोर धरल्या. "मागे राहिलाय. गालाच्या बाजूने." अण्णा गप्प. मी सुरी घेतली, आणि का कुणास ठाऊक, पुन्हा फिल्मकडे बघितलं. मणी भलत्याच कोपऱ्यात! दुसरी फिल्म मी उलटी धरली होती. "थांबा, अण्णा! जिभेच्या अंगाला आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग काढा."

जबड्याच्या आतल्या अंगाने चीर दिली. दहा मिनिटांत तार चिमट्यात आली, तिच्यामागून पू आला. वहिनीने बैलाच्या मानेवर डोकं टेकलं आणि रडायला लागली. मग उठून तिने घरून आणलेली केळ्यांची फणी अण्णांपुढे धरली. अण्णा समोर बघत तसेच उभे. तिने जरा वेळ वाट पाहिली आणि मला म्हणाली, "डाक्टरीणबाय, ह्यांना दिसत नाय. आमचे मामंजी शेवटी असेच बघायचे."

मी अण्णांकडे वळले. "कधीपासून?"

"झाला की महिना. अंधाऱ्या खोलीत काय, डोळे लागतात कुणाला?"

माझं टाळकंच सटकलं. "अहो, मी आधी चुकीचं सांगितलं होतं! बैलाचा जबडा फाडला असता मी! तुम्ही गप्प कसे राहिलात?"

"बाय," अण्णा शांतपणे म्हणाले, "मला दिसत असतं तर मी मध्ये बोललो असतो. आणि जन्मभर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसला असता, फिल्मकडे नाही."

मला रडू आवरेना. तिथेच, पू-रक्ताच्या हातांनी मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी चाचपडत माझा खांदा धरला. "उठा, उठा. टाके कोण घालणार? भूल उतरली की लाथ मारील तो."

त्यानंतर अण्णा जयगडलाच राहिले. ढवळ्याने त्या वर्षी नांगर ओढला, हे मी त्यांना तिथे जाऊन सांगितलं. सहा वर्षं मी जात राहिले; मी बसायच्या आत ते विचारायचे, "कुठलं जनावर? कुठल्या बाजूने काढलंत?" ते गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्यापुढे एक म्हैस जबडा उघडून पडली होती. निरोप आणणाऱ्याला मी बाहेर थांबायला सांगितलं. दोन्ही फिल्म पुन्हा बघितल्या, रुतलेला तारेचा तुकडा काढला, टाके घातले, आणि मग एस.टी. धरली. पोचेपर्यंत अण्णांना नेलं होतं. त्यांचं शेवटचं दर्शन झालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं, आजही वाटतं. पण म्हैस तशीच टाकून गेले असते, तर अण्णांनी मला दारात उभं केलं नसतं.