उन्हात ठेवलेला ट्रे

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मी सात वर्षं होते. आम्ही सर्किट बोर्ड बनवायचो, पण टीव्ही-मिक्सरमधले हिरवे नव्हेत, रडारला आणि मोबाइल टॉवरला लागणारे टेफ्लॉनचे. 'तव्यावरचं टेफ्लॉन का गं?' म्हणून घरचे हसायचे. अहो, तेच! तव्याला डोसा चिकटत नाही, तसं या पांढऱ्या पत्र्याच्या भोकांत तांबंही चिकटत नाही. ते चिकटावं म्हणून भोकांना आधी रसायनाची अंघोळ. मग धुवायचं, भट्टीत सुकवायचं, काळ्या पिशवीत घालायचं आणि लगेच तांब्याच्या टाकीकडे पाठवायचं.

अंघोळ घालायची माझी जोडीदारीण, पाचूबंदरची. नवरा बोटीवर, सासू मासळी विकणारी. घरात कारखान्यात जाणारी ती पहिलीच, आणि त्याचा तिला केवढा तोरा! धुणं-सुकवणं माझ्याकडे.

एका दुपारी भट्टी बंद पडली. मी वसईतल्याच होळी गावची. आमच्याकडे सुकेळी करतात, केळी उन्हात वाळवण्यातच माझं बालपण गेलं. एवढं ऊन पडलंय तर भट्टी हवी कशाला, म्हणून मी धुतलेल्या बोर्डांचा ट्रे खिडकीत ठेवला आणि जेवायला गेले. संध्याकाळपर्यंत तो तिथेच राहिला.

तपासणीत भोकांतलं तांबं सालपटासारखं सुटून आलं. सगळा माल वाया. साहेबांनी आम्हाला उभं केलं आणि थेट तिला म्हणाले, "मासे साफ करून येता, तेलकट हात लावता. दुसरं काय होणार?"

"मी हातमोजे घालते, साहेब," ती म्हणाली. पण ऐकतो कोण! मलाही तेव्हा वाटलं, असेल बाई हिच्याच हाताचं. तसं वाटलं, याची आज लाज वाटते. त्याच आठवड्यात तिला काढलं.

महिन्याभराने रसायनाच्या डब्यावरचा कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. प्रक्रिया केलेला माल उन्हापासून दूर ठेवावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. खिडकीतला तो ट्रे आठवला. काळी पिशवी कशासाठी, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. साहेबांकडे जायला उठले आणि पुन्हा बसले. उद्या जाईन म्हटलं. नाही गेले. नोकरी मलाही हवी होती, एवढंच.

गेल्या वर्षी ती वसईच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसलेली दिसली. मी टाळणार होते, पण तिनेच हाक मारली. मुलांची चौकशी झाली. मग मासे निवडता निवडता म्हणाली, "पोरगी इलेक्ट्रॉनिक्स शिकते म्हनत होती. मीच नको म्हटलं. आमच्या हातांना ते काम नाय गो. मी बिघडवलंच ना सगळं."

बोल, आता तरी बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. ती माझ्याकडे बघत होती, जरा हसतच.

मी विचारलं, "पापलेट कसे दिले?"