वाइनच्या फ्रीजमधली अंडी

मे महिन्यात दिल्लीत माणसं तग धरून राहतात हेच पुष्कळ, आणि आमच्या घरात मात्र चर्चा चालली होती अंड्यांच्या तब्येतीची. खायच्या नव्हे, उबवायच्या अंड्यांच्या. ती फ्रीजमध्ये ठेवली तर आतला जीव गारठून मरतो. बाहेर ठेवली तर आमच्या स्वयंपाकघरातल्या उकाड्यात तो अर्धवट वाढायला लागतो, आणि पुरती ऊब नसल्यामुळे तसाही मरतो. थोडक्यात, त्यांना हवा हवी होती सिमल्याची आणि आम्ही राहतो मयूर विहारमध्ये, तळमजल्यावर.

अंडी माझ्या सासूबाईंच्या कोंबड्यांची. सासरे गेल्यावर परभणीकडचं घर विकून त्या आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. पितळेची भांडी, गोधड्या, सगळं नणंदेला देऊन टाकलं आणि स्वतः एका खोक्यात तीन पिल्लं घेऊन गाडीत बसल्या. तिकीट तपासनिसाला काय सांगितलं ते अजून आम्हाला कळलेलं नाही. उघड्या मानेची, काटक जात. त्यांच्या आजेसासूच्या वेळेपासून घरात चालत आलेली, असं त्या सांगतात. मागच्या अंगणात मी मोगरा लावायचं ठरवलं होतं, तिथे ही मंडळी वाढली. दोन कोंबड्या आणि एक कोंबडा निघाला.

भानगड झाली ती कोंबड्याची. तो आरवायला लागला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अंकलजींनी सोसायटीत तक्रार केली. मग माझा नवरा रोज त्याच्यावर टोपली झाकून झोपू लागला. कोंबडं झाकल्यानं उजाडायचं राहत नाही हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, तरी प्रयोग करून पाहिला. टोपलीखालून तो जास्तच घुमायचा. शेवटी कमिटीचा निकाल आला, मुर्गियाँ रख लीजिए, मुर्गा नहीं चलेगा. अंकलजींच्याच ड्रायव्हरने त्याला आपल्या गावी नेलं. नंतर सासूबाईंनी ड्रायव्हरला गाठून विचारलं, "कैसा है हमारा मुर्गा?" तो जमिनीकडे बघत "ठीक है अम्माजी" म्हणाला आणि त्यानंतर गाडी दुसऱ्या गेटाने काढायला लागला. समजायचं ते सगळ्यांना समजलं.

सासूबाईंनी जाहीर केलं की कोंबडा गेला तरी त्याचं बीज कोंबड्यांत अजून थोडे दिवस राहील. तेवढ्यात मिळेल ते प्रत्येक अंडं राखायचं. पण दोघींपैकी एकही खुडूक झालेली नव्हती, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार नव्हती. आणि उन्हाळ्यामुळे अंडीही उपकार केल्यासारखी घालत होत्या.

"जमतील तशी ठेवायची, अन् एखादी बसली की सगळी एकदम तिच्याखाली घालायची," त्या म्हणाल्या. "नाहीतर पिल्लं मागंपुढं निघतात."

"गावी कशी ठेवायचात?"

"मडक्यात राख घालून. मातीचं घर होतं गं. भिंतीला हात लावला तर गार लागायची."

आमच्या भिंतीला मे महिन्यात पाठ टेकवत नाही. तरी त्यांनी मडकं आणवलं, राख कुठून तरी पैदा केली, आणि दुसऱ्याच दिवशी राखेत हात घालून स्वतःच म्हणाल्या, "ही तर चुलीतली वाटायला लागली."

मग नवऱ्याने सूत्रं हाती घेतली. तो सरकारी खात्यात आहे, त्यामुळे कुठलंही काम त्याला नियम वाचल्याशिवाय करता येत नाही. मोबाइलवर वाचून त्याने फर्मान काढलं: पंधरा ते अठरा अंश, निमुळतं टोक खाली, रोज एकदा कलती करायची, धुवायची नाहीत, पुसायची नाहीत. आमच्या बेडरूमचा एसी अठरावर लावला. मुली रजया घेऊन बसल्या आणि खोली काही बावीसच्या खाली जाईना. त्यातच वीज गेली. मग थर्मोकोलच्या डब्यात बर्फ ठेवून झालं. डबा उघडला की गार अंड्यांना दरदरून घाम फुटायचा, आणि ओल्या कवचातून रोग आत शिरतो म्हणून सासूबाई कपाळाला हात लावायच्या. मी ऑफिसातून मेट्रोने उभ्याने येऊन दारात चपला काढायचे, तर पाणी विचारायच्या आधी प्रश्न यायचा, "बर्फ आणलास का?"

एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आई, गाझीपूरची मंडी इथून दहा मिनिटांवर आहे. हव्या तेवढ्या कोंबड्या आणू. पण हा ताप आता पुरे."

त्या उठून अंगणात कोंबड्यांपाशी जाऊन बसल्या. संध्याकाळी जेवल्याही नाहीत. मला आणखीच राग आला, कारण गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. आणि तिकडून आणलेलं जिवंत असं त्यांच्याजवळ एवढंच उरलंय, हे मला न सांगताही कळत होतं. म्हणून तर चिडचीड होत होती.

तोडगा काढला थोरल्या मुलीने. ती अंकलजींच्या नातीबरोबर खेळायला वर जायची. "आजी, उनके यहाँ वाइनवाला फ्रिज है. उसपे फिफ्टीन लिखा रहता है."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. गेले वर. अंकलजींच्या दिवाणखान्यात, कॅनडातल्या मुलाने पाठवलेला तो काचेच्या दाराचा फ्रीज दिमाखात उभा होता. आत दारूच्या बाटल्या ओळीने निजल्या होत्या.

"अंडा? बेटा, हम लोग प्योर वेज हैं. घर में मंदिर है."

मी बाटल्यांकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि जिभेवर आलेलं गिळलं. एवढंच म्हटलं, "अंकलजी, मुर्गा आपने हटवाया था."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अच्छा. डब्बे में रखना, ढक के. और अंडा मत बोलना, सामान बोलना. लेकिन मुर्गा निकला तो..."

"नहीं रखेंगे. बिल्कुल."

सासूबाईंच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, म्हणून रोज वर जाऊन 'सामान' कलतं करायचं काम माझ्याकडे आलं. दिवसभर ऑफिस, मग मेट्रो, मग तीन मजले, आणि वर अंकलजींच्या बायकोचा रोजचा प्रश्न, "आंटीजी का सामान ठीक है ना?" खाली आले की तोच प्रश्न मराठीत. माझी तब्येत त्या सबंध उन्हाळ्यात कोणी विचारली नाही.

अखेर एक कोंबडी पिसं फुलवून खोपट्यात ठाण मांडून बसली आणि हात घातला की टोचायला लागली. सासूबाईंनी अंडी खाली आणवली, जुन्या लुगड्याच्या घडीत हळूहळू कोमट होऊ दिली, घाम फुटू दिला नाही, आणि एकेक करून तिच्याखाली सरकवली. निम्मी वाया गेली. पाचांतून पिल्लं निघाली.

तरी सुटका नव्हती. पिल्लू नर की मादी हे तुरा दिसू लागेपर्यंत कळत नाही; नराचा लवकर लाल होतो. सासूबाई रोज एकेकाला उचलून उजेडात धरायच्या. मीही ऑफिसला निघताना वाकून तुरे बघायला लागले, आणि माझाच मला वैताग यायचा. त्यांना एक नर हवा होता. इथे ठेवता आला नसता तर त्यांनी तो कपाटातही वाढवला असता. पण आठवडे गेले आणि कोणाचाच तुरा काही लाल होईना.

बातमी वर पोचली. अंकलजी काजू कतलीचा डबा घेऊन आले. "बधाई हो आंटीजी! सब की सब लड़कियाँ!" माझ्या दुसऱ्या मुलीच्या वेळी हेच गृहस्थ जिन्यात मला "कोई बात नहीं" म्हणाले होते, आणि तेव्हा गावाहून येऊन सबंध सोसायटीत जिलेबी वाटली होती ती या सासूबाईंनी. त्यांनी डबा घेतला, "थँक्यू जी" म्हणाल्या आणि दार लावलं.

त्यांचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "आई, बाहेरून कोंबडा आणू. आरवला तर आरवला. कमिटीशी मी भांडते."

"आणता येईल की," त्या म्हणाल्या. "पण तो इकडचा. मग पिल्लंही इकडचीच व्हायची."

अंगणात माझ्या मुली पिल्लांना दाणे टाकत होत्या आणि त्यांना हिंदीत दटावत होत्या. सासूबाई जाळीच्या दारातून बघत राहिल्या.

"तुझ्या पोरींसारखी. गुणाच्या आहेत, वाईट काही नाही. तू इथंच वाढलीस. माझा लेकही कधीचाच इकडचा झाला." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तिकडच्या म्हणाव्यात अशा या घरात आता या कोंबड्या अन् मी. बस्स."