चरबीत दडलेलं

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘उंदरांची अन्नपूर्णा’ म्हणत. फवारणीचं विष सगळ्या पिंजऱ्यांना सारखंच मिळे. पण काही उंदरांना चरबी घातलेलं खाणं, काहींना कोरडं. ते मळून द्यायचं काम तिचं. जाडे उंदीर विष पचवून मजेत हिंडायचे. मग प्रयोग करणाऱ्या बाईंनी त्यांचं खाणं तोडायला लावलं. उंदीर वाळले, थरथरू लागले आणि पटापट मेले.

“विष चरबीत दडून बसतं,” बाई म्हणाल्या. “चरबी झडली की रक्तात उतरतं.”

तिने मान हलवली आणि पिंजरे झाडायला घेतले.

नवरा कीटकनाशकाच्या कारखान्यात पोती भरायचा. नाकाला रुमाल बांधून उभा जन्म त्या भुकटीत गेला. अंगाने गोल गरगरीत. “तिकडे उंदीर, इकडे हत्ती, माझ्या नशिबी खायला घालणंच,” ती हसून म्हणायची. मग त्याच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. तिने तेल-तूप बंद केलं, त्याच्या ताटावर पहारा ठेवला. तो भराभर उतरला. शेजारीपाजारी कौतुक करू लागले, तिलाही बरं वाटलं.

एका सकाळी त्याच्या हातात कप ठरेना. चहा बशीत हिंदकळला. ती थरथर तिने पाहिलेली होती.

बाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “असेलही. पण उंदीर वेगळा, माणूस वेगळा. शिवाय आत गेलेलं काढायचं औषध माझ्याकडे नाही.”

डॉक्टरांनी तिची शंका झटकून टाकली. “पुन्हा वजन वाढलं तर हृदय बंद पडेल.”

रात्री ती तेलाची बाटली धरून चुलीपाशी उभी राहिली.

“घाल गं,” नवरा म्हणाला. “चव तरी येईल.”

तिने जेमतेम चमचाभर घातलं. तेवढ्याने धड चवही आली नाही.

पुढच्याच महिन्यात तो गेला. हृदयानं, असं डॉक्टर म्हणाले. नणंद दारातच ओरडली, “माझ्या भावाला उपाशी मारलंस!”

कामावर परतल्यावर तिने पिंजरे धुवायचं काम मागून घेतलं. खाणं आता दुसरीच कोणी मळते.