बिनटोपीचा चित्ता

आमच्या घरी चित्ता असायचा, असं सांगितलं की हल्ली लोक माझ्याकडे संशयाने बघतात. म्हातारी बरळते आहे, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. बघोत बापडे. महाराजांच्या वेळी कोल्हापुरात शिकारीचे चित्ते होते आणि माझे वडील, आमचे अब्बा, त्यांच्यावर नोकरीला होते. नवा आणलेला चित्ता माणसाळेपर्यंत आमच्या पडवीत बाजेला बांधलेला असे. त्याला माणसांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून आम्हा पोरींना समोर बसून बडबड करायला लावत. बडबडीबद्दल शाबासकी मिळणारं दुसरं घर मी आजतागायत पाहिलेलं नाही.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही आपा म्हणायचो, नुसती बडबडत नसे. ती चित्त्याला पाढे म्हणून दाखवी, कविता म्हणून दाखवी, नद्यांची नावं सांगे. तो जांभई देई आणि ही पुढचा पाढा सुरू करी. मुलींच्या शाळेत तिचा नंबर कधी खाली गेला नाही. तिला मास्तरीण व्हायचं होतं.

चित्त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी ओढलेली असते. बाजारातून फिरवताना, गाडीतून शिकारीला नेताना ती काढायची नाही. काळवीट टप्प्यात आलं की मगच काढायची. घरात तिला हात लावायची मुभा फक्त अब्बांना होती. आम्हाला नीट चालता येण्याआधी एक गोष्ट शिकवली होती. चित्ता दिसला की आधी टोपी बघायची. टोपी नसेल तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हळू मागे सरायचं आणि जवळच्या मोठ्या माणसाला शांतपणे सांगायचं, "टोपी न्हाय." आमच्या घरात एवढं आलं की पोर शहाणं झालं असं धरत.

त्या वर्षी शाळेतल्या एका मुलीला दरबारच्या खर्चाने मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवायचं ठरलं. आपाला तेवढा एकच रस्ता होता. जयसिंगपूर तेव्हा नुकतंच वसत होतं आणि तिथे दुकान टाकलेल्या एका घरातून तिला मागणी आली होती. अब्बा सरळ बोलले, "जागा मिळाली तर शिक. न्हाय मिळाली तर मला त्यास्नी होकार द्यावा लागंल." अब्बांना दोष देत नाही मी. त्यांनी तिला संधी दिली होती. त्या काळात बऱ्याच बापांनी तीही दिली नसती.

निवड करायला पुण्याकडून एक विद्वान गृहस्थ आले. त्यांचं म्हणणं असं की शाळेतले मार्क म्हणजे घोकंपट्टी. आपण मुळातली बुद्धी मोजू. त्यासाठी त्यांच्याकडे विलायती चित्रं होती. प्रत्येक चित्रात काहीतरी काढायचं राहिलेलं, ते मुलीने ओळखायचं. माणूस वाईट नव्हता. विलायतेतली चित्रं आपल्या पोरांना कळायची नाहीत, इतकं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी गावातल्या चित्रकाराकडून काही बदलून घेतली. चहाच्या किटलीच्या जागी तांब्या काढला आणि घोड्याच्या जागी, कोल्हापूरच्या मुलींना ओळखीचा म्हणून, चित्ता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी खालच्या वर्गात होते. खिडकीखालच्या कट्ट्यावर उभी राहून आत बघत होते. तांब्या झाला, कोंबडी झाली, आणि त्यांनी चित्त्याचं चित्र पुढे धरलं. आपा स्टुलावरून उठली आणि दोन पावलं मागे सरली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "टोपी न्हाय."

"बरं," असं म्हणून त्यांनी चित्र खाली ठेवलं.

पुढे त्यांनी बऱ्याच प्राण्यांची चित्रं देऊन घरातले आणि रानातले वेगळे काढायला सांगितलं. आपाने चित्ता उचलून मांजराशेजारी ठेवला. कुठे ठेवणार दुसरीकडे?

मुलीची समज बेताची आहे, असं त्यांनी मास्तरीणबाईंना सांगितलं. बाईंनी गळ घातली की हिला पुन्हा एकदा बघा. गृहस्थ कबूल झाले. मधल्या दिवसांत आपाच्या वर्गातल्या एका कारकुनाच्या मुलीने आम्हाला सांगितलं की चित्रातल्या चित्त्याला शेपूट नव्हतं, आणि तिने तो रानातल्यांत ठेवला होता. मग शाळेच्या वाटेवर मीच आपाला पढवलं. शेपूट म्हणायचं आणि चित्ता रानात ठेवायचा. दुसऱ्या खेपेला तिने सगळी उत्तरं चटाचट दिली, आणि गृहस्थ बाईंना म्हणाले, "ही शिकवून आणलेली दिसते. आपण पहिलंच धरू."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आधी ढ होती, आता लबाडही ठरली.

मला अजून राग येतो. वाण्याच्या तागडीत एकच गूळ दोनदा घातला आणि दोन वजनं आली, तर वाणीसुद्धा आधी तागडी तपासतो. यांनी पोरगीच हलकी ठरवली. शिकवण्याचं म्हणाल, तर त्या कारकुनाच्या घरी चित्रांची पुस्तकं होती. बाप मुलीला मांडीवर घेऊन रोज विचारायचा, यात काय आहे, त्यात काय नाही. ती शिकवणी बुद्धीत जमा झाली आणि आमची लबाडीत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. जागा त्या मुलीला मिळाली. मुलगी चांगली होती, तिच्यावर माझा राग नाही.

जयसिंगपूरला होकार गेला. पुढच्या वर्षी ते गृहस्थ फिरकले नाहीत, निवड पुन्हा मार्कांवर होऊ लागली, आणि यथावकाश मी मास्तरीण झाले. मार्कांत मी आपाच्या पासंगालाही पुरले नसते.

लग्नाच्या दिवशी तिच्या दोन्ही हातांना मेंदी होती म्हणून मी तिची वेणी घालत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "आपा, एवढं मोठं शेपूट न्हाय, ते तुला दिसलं कसं न्हाय गं?"

"दिसलं व्हतं की," ती म्हणाली.

माझे हात थांबले. "मग सांगितलं का न्हाईस?"

"बिनटोपीचा चित्ता म्होरं असताना शेपटीचं आधी कोण सांगतंय? आधी टोपीचं सांगायचं असतंय. शेपटीचं मागनं सांगणारच व्हते, तवर त्यांनी चित्र खाली ठिवलं."

"मग मी पढवत व्हते तवा तरी बोलायचंस!"

"तू तरी कुठं इचारलंस? समद्यास्नी वाटलं, हिला दिसलंच न्हाय."

गाडी दारात लागली तशी ती पडवीत गेली. नवा चित्ता बाजेवर पडला होता. तिने सवयीने आधी त्याची टोपी बघितली. मग त्याच्यासमोर उभं राहून, बाहेरून बायका हाका मारत असताना, एकोणतीसचा पाढा शेवटपर्यंत म्हटला. कुठेही अडखळली नाही.