कोर्स क्रमांक दोन

जळगावच्या त्या शाळेत मी लागले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलं बहिरी आहेत, लळा लावा, मारू नका. बी. ए. झालेली, घरी बसलेली, भुसावळहून रोज अप-डाऊन करायला तयार असलेली मुलगी त्यांना हवी होती, आणि ती मी होते. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि माझ्या वर्गात सात मुलं. कसं शिकवायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी आपली तोंड मोठं करून बोलायची, मुलं माझ्या तोंडाकडे बघायची, आणि कधीकधी दोन्ही बाजूंना काहीतरी कळायचं.

तिसऱ्या वर्षी वरून पत्र आलं. ज्या शिक्षकांनी विशेष शिक्षणाची पदवी घेतलेली नाही त्यांना पुढे मान्यता मिळणार नाही. मुख्याध्यापक बाई भल्या होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "एक वर्षाचा कोर्स असतो. करून या, जागा तुमचीच. नाही केलात तर माझे हात बांधलेले."

"कुठे असतो?" मी विचारलं.

"असतो कुठेतरी," बाई म्हणाल्या.

हे "कुठेतरी" शोधण्यात माझे पाच महिने गेले. माझा वर्ग माझ्या हातून जाणार या भीतीने मी अक्षरशः सैरभैर झाले होते. साधं बी. एड. कुठे करायचं हे भुसावळात कुठलाही पानवाला सांगेल. पण बहिऱ्या मुलांच्या बाईने कुठे शिकायचं, आणि तेही आमच्यासारख्यांना झेपेल अशा फीमध्ये, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात गेले, तर तिथले साहेब म्हणाले की तुमची शाळा आमच्याकडे येतच नाही, ती समाजकल्याणकडे. समाजकल्याणमध्ये गेले, तर तिथले म्हणाले, शाळा आमची खरी, पण कॉलेजचं आम्हाला कसं माहीत असणार? कॉलेज म्हणजे शिक्षण, तुम्ही शिक्षण विभागात जा. मी दोन्ही जिने इतक्या वेळा चढले की एका शिपायाने मला नवीन लागलेली समजून चहा आणायला सांगितला. मला राग यायला हवा होता. पण मी इतकी गोंधळलेली होते की किती कप, असं विचारून बसले.

शेवटी कोणीतरी सांगितलं की धुळ्याला अशाच शाळेचे एक मुख्याध्यापक आहेत, त्यांनी तो कोर्स केलेला आहे.

इथे आमच्या घराची गोष्ट सांगायला हवी. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, रेल्वेत गार्ड. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला जग रस्त्याने जोडलेलं दिसतच नाही, ते रुळांनी जोडलेलं दिसतं. जळगावहून धुळ्याला एसटी दोन-अडीच तासांत सोडते. पण घरच्यांना रेल्वेचा फुकट पास असताना एसटीला पैसे घालणं म्हणजे नानांच्या लेखी पाप. म्हणून आम्ही बापलेक चाळीसगावला उतरलो, तिथे धुळ्याच्या गाडीची वाट पाहत दशम्या खाल्ल्या, आणि पोचलो तेव्हा शाळा सुटायच्या बेतात होती. मुख्याध्यापक सायकलवर टांग टाकून उभे होते. नानांनी त्यांना माझी सगळी कथा ऐकवली. त्यांनी खिशातून एक लग्नपत्रिका काढली, तिच्या पाठीवर तीन गावांची नावं भराभर लिहिली, "यातलं जिथे जमेल तिथे अर्ज करा" म्हणाले, आणि निघाले. एका मिनिटाचा प्रश्न राहून गेला. तो प्रश्न काय होता हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्यांच्या सायकलमागे धावले असते.

घरी आल्यावर नानांनी टाइमटेबल काढलं. त्यांनी कॉलेजं बघितलीच नाहीत, गाड्या बघितल्या. एका गावाला दोनदा गाडी बदलावी लागत होती, ते कटलं. एका गावाला गाडी पहाटे पोचत होती, मुलीच्या जातीला पहाटे स्टेशनवर उतरणं बरं नाही, तेही कटलं. उरलं नागपूर.

"डायरेक्ट गाडी हाये," नाना म्हणाले. "बदलाबदलीची कटकट नाही. इथे बस, तिथे उतर."

आईचं म्हणणं वेगळं होतं, आधी लग्न. मुलीचं लग्न होईपर्यंतच ती बापाच्या पासात बसते, म्हणून आधी कोर्स आणि मग लग्न, की आधी लग्न आणि मग सासरच्यांनी बघून घ्यावं, यावर घरात महिनाभर खल चालला. फैजपूरचं एक केळीवाल्यांचं स्थळ त्या खलात निघून गेलं. मला त्याचं वाईट वाटलं की बरं वाटलं, हेही मला नक्की सांगता येणार नाही.

नागपूरहून फॉर्म आला. माहितीपुस्तिका वेगळी मागवावी लागणार होती, तिचे पैसे वेगळे.

"फॉर्म भेटला ना? मंग पुस्तक काय कराचं?" नाना म्हणाले.

फॉर्मवर तीन कोर्स होते: क्रमांक एक, दोन आणि तीन. समोर फी लिहिलेली. कोणता कोर्स कशाचा, ते पुस्तिकेत पाहावे, अशी खाली बारीक सूचना होती. नानांनी नोकरीभर छापील रकाने भरले होते, त्यांना मजकुराची गरज नसे. क्रमांक दोनची फी सगळ्यात कमी आणि वसतिगृहही त्यातच. नानांनी पेन उघडलं आणि क्रमांक दोनवर सुबक बरोबरची खूण केली. मी शेजारीच बसले होते. मीही बघितलं आणि मलाही ते बरोबर वाटलं. आमची समजूत अशी की कोर्स एकच असणार, आणि क्रमांक म्हणजे रेल्वेत असतात तसे वर्ग असणार, पहिला, दुसरा, तिसरा. दुसरा वर्ग आम्हाला परवडण्यासारखा होता. घासाघीस न करता स्वस्तात काम झालं याचा नानांना इतका आनंद झाला की त्यांनी जिलेबी आणली.

मुलाखतीचं बोलावणं आलं. नाना ड्यूटीवर होते म्हणून मी एकटीच गेले. लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधले गृहस्थ वयस्कर, काळा चष्मा लावलेले. टेबलावर जाड कागदांची चळत होती आणि कागदांवर नुसते उठावाचे ठिपके.

"ब्रेलशी काही ओळख?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "नाही सर. आमच्या मुलांचे डोळे चांगले आहेत."

 बाजूच्या बाईंनी माझा अर्ज उलटून पालटून बघितला. मग त्या सावकाश म्हणाल्या की क्रमांक दोन हा अंध मुलांच्या शिक्षकांचा कोर्स आहे. अंधांचा वेगळा, बहिऱ्यांचा वेगळा, मतिमंदांचा वेगळा.

माझ्या कानात दडा बसल्यासारखं झालं. पाच महिने मी दारोदार "अपंगांच्या शिक्षणाची डिग्री" विचारत फिरत होते, आणि कोणत्या अपंगांच्या, हे मला एकाही माणसाने विचारलं नव्हतं. समाजकल्याणने नाही, शिक्षण विभागाने नाही, सायकलवाल्या मुख्याध्यापकांनी नाही. त्यांना वाटलं असणार, एवढं तर हिला माहीत असेलच. पण इतरांना कशाला बोल लावू? सात बहिऱ्या मुलांसमोर रोज उभी राहणारी मी, मलाही ते विचारायचं सुचलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, आणि ती लाज अजून पूर्ण गेलेली नाही.

"मग तुम्ही इथे कशा आलात, बाई?" काळ्या चष्म्याच्या सरांनी विचारलं.

"डायरेक्ट गाडी आहे म्हणून," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले.

सर हसले. पण टर उडवणारं हसणं नव्हतं ते. ते म्हणाले, मार्क बरे आहेत, जागा हवी असेल तर मिळेल. क्रमांक तीन बहिऱ्यांचा होता, पण तो भरला होता. मी विचारलं, हा कोर्स केला तर माझा वर्ग राहील का? ते म्हणाले, नोकरी लागेल बाई, अंधशाळेत. तुमचा वर्ग नाही राहणार.

हातात पदवी येत होती. फी परवडत होती. वसतिगृह होतं, गाडी थेट होती. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती सात मुलं त्यात कुठेच नव्हती.  मी म्हणाले, "नको सर."

सरांनी त्या बाईंना एक चिठ्ठी लिहायला सांगितली आणि खाली स्वतः सही केली. सांगलीच्या बाजूला त्यांच्या ओळखीची एक संस्था होती, तिथे बहिऱ्यांचा कोर्स होता आणि फीही बेताची होती. लग्नपत्रिकेच्या पाठीवरचं, दोनदा गाडी बदलावी लागते म्हणून नानांनी कापलेलं गाव ते हेच. नानांनी चिठ्ठी वाचली. टाइमटेबल घेतलं आणि दोन्ही ठिकाणी किती वेळ थांबावं लागेल ते मला कागदावर लिहून दिलं.

प्रवेश मिळाला. आता मुलांना सांगायचं होतं.

वर्गात एक आठ वर्षांची मुलगी होती. तिची आई डाळ मिलमध्ये कामाला. सकाळी तिला सोडायची, संध्याकाळी न्यायची. ती मुलगी माझ्या तोंडावरून नजर काढत नसे. "पाणी", "पोळी", "ये", "बस" हे तिला समजायचं. पण "मी वर्षाने परत येईन" हे कसं सांगायचं? वर्ष कसं दाखवतात? तेच तर शिकायला मी चालले होते! मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरची जून ते डिसेंबरची पानं घेतली, त्यांना पाच कोरे कागद जोडले आणि बारा पानांचा गठ्ठा खिळ्याला टांगला. शेवटच्या पानावर आगगाडी काढली आणि तिच्या खिडकीत मला काढलं, वेणीसकट. एकेक पान गेल्याची खूण केली, शेवटचं पान आलं, गाडी आली, बाई आली. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या मुलीने सगळ्यात जोरात. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

वर्षभर माझ्या जागी आलेल्या बाईंची पत्रं यायची, सगळं छान चाललंय म्हणून. परत आले, वर्गात पाऊल टाकलं आणि मुलं मोजली. सहा.

संध्याकाळी मी डाळ मिलच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. तिची आई बाहेर आली, पदरावरची डाळीची पूड झटकत. मला बघून थबकली.

"तुम्ही गयात ना बाई, तिनी दुसराच दिन बठ्ठा पाना फाडी टाकात," ती म्हणाली. "गाडीनं चित्र हातमा धरं, आनि मले वढीसन टेसनवर लयी गयी. गाडी उनी की डबाडबामा देखे. रोज. मी रोज कथाइन जाऊ बाई? मिलमा खाडा पडे. मंग मी तिले शाळामा धाडानंच सोडी दिधं."

पानं संपली की बाई येते, असंच मी सांगितलं होतं. तिने ती सगळी दुसऱ्याच दिवशी संपवली, आणि गाडीच्या डब्याडब्यात मला शोधलं.

मी त्यांच्या घरी गेले. मुलगी ओट्यावर बसली होती. माझ्याकडे पदवी होती, ओठ कसे हलवावेत, काळ कसा समजावून द्यावा, सगळं शिकून आले होते. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी आले." तिने मला नीट बघितलं आणि घट्ट डोळे मिटून घेतले. डोळे मिटलेल्या बहिऱ्या मुलीला काही सांगता येत नाही. मी अंधार पडेपर्यंत तिथे बसले, तिने ते उघडले नाहीत.

दिवाळीनंतर तिच्या आईने तिला परत शाळेत पाठवलं. वर्षभरात ती बरंच शिकली. "काल", "उद्या", "सोमवारी", सगळं. "बाई उद्या येतील" हे वाक्य ती फळ्यावर बिनचूक लिहायची. पण रोज शाळा सुटली की माझी एक चप्पल नाहीशी व्हायची. कधी शेडमागे, कधी पाण्याच्या टाकीखाली. मी चप्पल शोधायची, ती मुलगी दारात उभी राहून बघायची, आणि माझी भुसावळची गाडी चुकायची.

"रोज उशीर काहून होतो तुले?" नाना विचारायचे.

"चप्पल सापडत नाही," मी सांगायची.